रील लाइफ, जिताडा स्टाइल

वीकेण्डला मॉल आणि मल्टिप्लेक्सचा कंटाळा आलाय? पनवेलपासून तासाभराच्या अंतरावर एक मासा तुमची वाट बघतोय. फक्त त्याच्यासाठी पहिला रॉड आणि पहिली रील घेताना खिसा आणि डोकं दोन्ही ठिकाणावर ठेवा!

पाच दिवस आपण कुणाच्या ना कुणाच्या गळाला लागलेलेच असतो. बॉसची डेडलाइन, बँकेचा ईएमआय, क्लायंटचा रात्री साडेअकराचा कॉल. मग सुटीच्या दिवशी गळाचं दुसरं टोक आपल्या हातात असायला काय हरकत आहे?

थांबा, 'रील' म्हटल्यावर लगेच मोबाइल काढू नका. ही इन्स्टावरची रील नाही. ही खरीखुरी, हँडल फिरवायची रील. पनवेल, कामोठे, उलवे, उरण या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत रविवारी सकाळी पाठीवर लांब नळकांडं लटकवून बाइकवर निघालेली तरुण मंडळी दिसू लागली आहेत. आयटीवाले, बँकवाले, आर्किटेक्ट, एखादी डेंटिस्टसुद्धा. मी स्वतः नवीन पनवेलला राहते आणि गेली तीन वर्षं त्या नळकांडेवाल्यांपैकीच एक आहे. त्यामुळे 'अगं, सुरुवात करायची तर काय घेऊ?' हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतोच. हे त्याचं एकदाच लिहून ठेवलेलं उत्तर.

हा छंद विलायती नाही, बरं का!

'अँगलिंग' म्हटलं की हॅट घातलेला साहेब डोळ्यांसमोर येतो. साहेबाने इथे गळ टाकला हे खरंच आहे. एच. एस. थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ सालचं. पण त्याच्या साडेसातशे वर्षं आधी, साधारण ११२९-३०मध्ये, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचा भागच आहे. मासे ओळखणं, त्यांना खाऊ घालून वळण लावणं, गळाने पकडणं, सगळं त्यात येतं. म्हणजे राजेलोकांचा वीकेण्डही काही वेगळा नव्हता! आणि आपल्या आगरी-कोळी गावांत तर 'गरवायला जाणं' हा शब्द आजोबांच्याही आजोबांपासून आहे. आपण फक्त बांबूच्या काठीऐवजी कार्बनची काठी घेतोय.

आधी मासा, मग माल

माझ्या एका आयटीवाल्या मित्राने गेल्या वर्षी अमेरिकेतल्या मस्की माशाचे व्हिडिओ पाहिले. हा मस्की म्हणजे विस्कॉन्सिन, मिनेसोटाकडच्या तलावांतला दादा मासा. 'दहा हजार वेळा गळ फेकाल तेव्हा एकदा लागेल', अशी त्याची ख्याती. मित्र पेटला. त्याने नऊ फुटांचा एक्स्ट्रा हेवी रॉड, भलीमोठी बेटकास्टर रील, ८० पाउंडाची दोरी आणि स्टीलचा लीडर असा साग्रसंगीत सेट मागवला. पंचवीस हजारांच्या वर बिल. करंजाच्या धक्क्यावर उभं राहून त्याने पंधरा ग्रॅमचं नकली आमिष फेकलं, तर ते जेमतेम दहा-बारा पावलांवर पडलं. कारण तो रॉड शंभर-दीडशे ग्रॅमची आमिषं फेकायला बनवलेला. हलक्या वजनाला तो वाकतच नाही आणि वाकला नाही तर फेकणार कसा? आज तो सेट त्याच्या बेडरूमच्या कोपऱ्यात उभा आहे. आई त्याने जळमटं काढते.

मुद्दा काय, तर रॉड-रील आधी ठरत नाही, आधी मासा ठरतो. आणि आपल्या रायगडातला हीरो एकच, जिताडा! 'जावयालाही जिताडा आणि साहेबालाही जिताडा' असं इकडे गमतीने म्हणतात ते उगाच नाही. पेण, अलिबागकडे गावतळ्यांत जिताड्याची पिल्लं सोडून ती वाढवायची पद्धतही जुनी आहे. ऑस्ट्रेलियात याच माशाला 'बारामुंडी' म्हणतात आणि त्याच्यासाठी लोक विमानाने जातात. गळाने पकडलेल्या बारामुंडीचा जागतिक विक्रम आहे ४४.६४ किलोचा, २०१०मध्ये क्वीन्सलँडच्या मोंडुरन तलावात झालेला. घाबरू नका, आपल्या खाडीत नवशिक्याच्या गळाला लागतो तो साधारण एक ते तीन किलोचा. पण तेवढाही पुरे असतो!

आता जिताड्याची तीन वैशिष्ट्यं लक्षात ठेवा, कारण सगळी खरेदी यावरूनच ठरते. एक, तो दगड, धक्क्याचे खांब, तिवरांची मुळं यांच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि गळ लागताच पुन्हा तिकडेच पळतो. दोन, तो पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो. तीन, मस्कीसारखे सुरीदार दात त्याला नाहीत. त्याचे दात म्हणजे सँडपेपर. मात्र कल्ल्यांवरच्या झाकणाची कड ब्लेडसारखी धारदार असते. म्हणजे स्टीलची तार नको, पण दोरीच्या टोकाला घासणं सहन करणारा जाड तुकडा हवाच.

रॉड : सात-आठ फूट, बस्स!

नवशिक्यासाठी सात ते आठ फुटांचा, 'मीडियम हेवी' ताकदीचा रॉड घ्या. हँडलच्या वर बारीक अक्षरांत आमिषाचं वजन छापलेलं असतं. ते १० ते ४० ग्रॅमच्या आसपास असलं की झालं. 'फास्ट ॲक्शन' लिहिलं असेल तर तो फक्त शेंड्याकडे वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो. खांबाकडे धावणारा मासा वळवायला तोच ताठपणा कामी येतो.

फायबरग्लासचा रॉड स्वस्त आणि दणकट, पण जड. दोन तासांत मनगट बोलायला लागतं. कार्बनचा (दुकानदार 'ग्रॅफाइट' म्हणतील) हलका आणि संवेदनशील, पण दारात चेमटला की गेला. दोन्हींचं मिश्रण असलेला 'कॉम्पोझिट' रॉड पहिल्या वर्षासाठी बेस्ट. दोन तुकड्यांत सुटणारा घ्या, म्हणजे लोकलमध्ये लोकांच्या डोळ्यांत जाणार नाही. खिशात मावणारे टेलिस्कोपिक रॉड दिसायला क्यूट असतात, पण खाडीतल्या रेतीने आणि मिठाने त्यांचे सांधे लवकर अडकतात.

घेताना दोरी जाते त्या कड्यांमधून कापूस फिरवून बघा. कुठे धागा अडकला तर आतल्या रिंगला तडा आहे, तो रॉड परत ठेवा. हीच कड तुमची दोरी कापते.

रील : बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका

रीलचे दोन मुख्य प्रकार, स्पिनिंग आणि बेटकास्टर. बेटकास्टर स्टायलिश दिसते हे मान्य. पण फेकताना अंगठ्याने फिरकी योग्य क्षणी दाबता आली नाही, तर दोरीचा असा गुंता होतो की दिवाळीच्या माळा बऱ्या. पहिली रील स्पिनिंगच घ्या. साइझ ४०००. त्यापेक्षा लहान घेतली तर दोरी कमी मावते, ६००० घेतली तर हात भरून येतो.

शिमानो, दायवा, पेन, आबू गार्सिया ही नावं तुम्ही ऐकाल. यांतली शिमानो म्हणजे सायकलच्या गिअरवाली जपानी कंपनी, १९२१पासूनची. पेन १९३२ची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची. या सगळ्यांची एन्ट्री लेव्हल मॉडेल्स नवशिक्याला पुरून उरतात. दुकानात 'यात बारा बेअरिंग आहेत' असं कुणी सांगितलं तर हसून मान डोलवा. चार चांगली बेअरिंग बारा टुकार बेअरिंगांपेक्षा कधीही भारी. त्याऐवजी तीन गोष्टी तपासा :

* हँडल धरून हलवा. लुळं पडल्यासारखं हलतंय? नको.
* स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायची चकती, धातूची आहे ना?
* ड्रॅगची चकती थोडी घट्ट करून दोरी हाताने ओढा. ती एकसारखी सुटली पाहिजे. अडकत, झटके देत सुटली तर मासा तुटणार हे नक्की.

हा ड्रॅग म्हणजे रीलचं ब्रेक आणि क्लच. मासा जोराने ओढतो तेव्हा दोरी तुटण्याऐवजी रीलमधून सरकते, ती यामुळे. साधा नियम असा की, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ड्रॅग लावायचा. ३० पाउंड म्हणजे साधारण साडेतेरा किलो. त्याचा पाव हिस्सा म्हणजे सव्वातीन-साडेतीन किलो. एअरपोर्टसाठी घेतलेला बॅग मोजायचा काटा घरात असतो ना, तो दोरीला अडकवून ओढा आणि या आकड्यावर दोरी सुटेल असा ड्रॅग फिरवा. संपलं गणित!

दोरी, लीडर आणि नकली मासे

दोरीसाठी २० ते ३० पाउंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, १५० मीटर. ती बारीक असते, ताणली जात नाही आणि टोकाला झालेली टिचकी थेट बोटाला कळते. पण ती गुळगुळीत स्पूलवर घसरते, म्हणून आधी साध्या नायलॉनचे आठ-दहा वेढे देऊन मग तिला गाठ मारा.

टोकाला ४० पाउंडाच्या फ्लुरोकार्बनचा एक ते दीड मीटरचा लीडर. कल्ल्याची धार आणि खांबावरच्या कालवांच्या शिंपल्या हा लीडरच झेलतो. दर माशानंतर त्यावरून नख फिरवा, खरखरीत लागलं की तेवढा तुकडा कापा आणि पुन्हा बांधा. दोन्ही जोडायला 'डबल युनि' ही गाठ शिका. टीव्हीसमोर बसून वीस वेळा बांधली की अंधारातही जमते.

आमिषं चारच घ्या. दहा-पंधरा ग्रॅमच्या शिशाच्या डोक्यावर बसणारे, शेपूट हलवणारे तीन ते पाच इंची रबरी मासे दोन, आणि उथळ पाण्यात पोहणारे कडक प्लास्टिकचे 'मिनो' दोन. पांढरा आणि सोनेरी हे रंग आपल्या गढूळ खाडीत चालतात. ज्यांना नकली मासे पटत नाहीत त्यांच्यासाठी जिवंत कोळंबी आहेच. तिच्यासोबत 'सर्कल हूक' वापरा. गोल वळलेला हा गळ बहुतेक वेळा माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात लागतो, पोटात जात नाही. तो का महत्त्वाचा, ते पुढे येतंच आहे.

एकूण खर्च किती?

दुकानं आणि साइट्स पालथ्या घातल्यावर माझा हिशेब असा बसतो : रॉड दोन हजार, रील अडीच हजार, ब्रेड नऊशे, लीडर चारशे, आमिषं आणि गळ हजार, लांब नाकाची पक्कड तीनशे. सात हजारांच्या आसपास. हजार इकडे, हजार तिकडे. म्हणजे दोन वीकेण्डांच्या पार्ट्या. यापेक्षा जास्त पैसे पहिल्या वर्षी खर्च करू नका. सहा महिन्यांत छंद सुटला तर सात हजारांचं दुःख पचतं, पंचवीस हजारांचं पचत नाही. आणि नाही सुटला तर तोपर्यंत आपल्याला नेमकं काय हवंय हे तुम्हालाच कळलेलं असतं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे सराव. मोकळ्या मैदानात, गळ काढून, नुसतं वजन बांधून पन्नास-शंभर वेळा फेका. वीस पावलांवर चप्पल ठेवा आणि तिच्या आसपास वजन पाडा. सोसायटीतली मुलं हसतील. हसू देत!

कोळ्यांचं ॲप : तिथीला पाऊणने गुणा

खाडीवर घड्याळापेक्षा भरती-ओहोटी मोठी. करंजाला एका काकांनी मला विचारलं, "पोरी, आज तिथी कुठली?" मी मोबाइल काढला तसे ते हसले. त्यांचं गणित सोपं आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता. अष्टमी असेल तर सहा वाजता. दिवसातून दोनदा, बारा तास पंचवीस मिनिटांच्या अंतराने. खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी पाच मीटरच्या घरात चढतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त.

जिताडा वाहत्या पाण्यात शिकार करतो. भरती लागल्यानंतरचे आणि ओहोटी सुरू झाल्यानंतरचे दोन-दोन तास सोन्याचे. शेताच्या खारबांधाची उघडी असते तिथून पाणी बाहेर पडताना छोटी कोळंबी आणि बोईट वाहून येतात आणि जिताडा तोंडाशीच उभा असतो. पातळगंगा आणि अंबा जिला मिळतात ती धरमतरची खाडी, करंजा, रेवस हा पट्टा नवशिक्यांसाठी चांगला.

सेफ्टीचं मात्र सिरियसली घ्या. एकट्याने जाऊ नका. चिखलात उतरू नका, गुडघाभर वाटणारा चिखल कंबरेपर्यंत ओढतो. भरतीत मागची वाट बुडणार नाही ना, हे आधी बघा. आणि या भागात डोक्यावरून विजेच्या उच्च दाबाच्या तारा जातात. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. तारांखाली रॉड उभारायचा नाही म्हणजे नाही.

घरी आल्यावर रॉड आणि रीलवरून गोड्या पाण्याचा हलका हात फिरवा, पुसा, ड्रॅग सैल करून ठेवा. रीलचे दहातले नऊ आजार मिठाचे असतात.

मोठी असेल तर ती 'बाई' आहे

आता जिताड्याची सगळ्यात भन्नाट गोष्ट. हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी, साधारण ऐंशी सेंटिमीटरच्या पुढे गेला की, मादी होतो! म्हणजे फोटोसाठी आपण ज्या जंगी माशाला मिठी मारतो, ती बहुतेक वेळा अंड्यांनी खाडी भरणारी आई असते. एक मोठी मादी लाखो अंडी घालते, तीही पावसाळ्याच्या सुमाराला, खाडीच्या तोंडाशी. ती तव्यावर गेली तर तिची जागा घ्यायला पुढचा नर मोठा व्हायला वर्षं जातात.

म्हणून माझा नियम साधा आहे. मोठी परत, पिल्लू परत, मधला एखादा घरी. गळाची उलटी टोकं पकडीने दाबून सपाट करा, सोडणं सोपं जातं. मासा हातात घेताना खालचा जबडा धरा, दुसरा हात पोटाखाली. कल्ल्यात बोटं घालू नका, ती कड तुमच्याही बोटांना ओळखत नाही. ओल्या हाताने एक फोटो, आणि पाण्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीबंदी असते. आपल्याला कुणी अडवत नसलं तरी याच काळात जिताड्यालाही सुटी देणं शहाणपणाचं.

आणखी एक. खाडीवर आपण पाहुणे आहोत. पाग घेऊन उभा असलेला माणूस तिथे टाइमपास करत नसतो, त्याचं घर त्यावर चालतं. त्याच्या जाळ्याशेजारी गळ टाकू नका. 'काका, इथे चालेल का?' एवढं विचारलंत तर जागा मिळते, सल्ला मिळतो, कधी कधी चहासुद्धा. धरणांवर आणि तलावांवर मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे असतात, तिथे परवानगीशिवाय गळ काढूच नका.

पनवेलकरांनो, मग पनवेलच्याच खाडीत का नाही?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. गाढी, काळुंद्री आणि कासाडी या नद्या पनवेलच्या खाडीला मिळतात. त्यातली कासाडी तळोजा एमआयडीसीतून येते. २०१७च्या ऑगस्टमध्ये तिथल्या निळ्या झालेल्या कुत्र्यांचे फोटो देशभर गाजले, तेव्हा या नदीच्या पाण्याची अवस्था सगळ्यांनी पाहिली. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाहच वळवला गेला. त्याच विमानतळावरून डिसेंबर २०२५पासून विमानं उडू लागली. मला विमानतळ नको आहे असं नाही, बॅग भरायला मीही उत्सुक असते. पण मी या खाडीच्या आतल्या भागात पकडलेला मासा घरी नेत नाही. गाडीत पेट्रोल भरून धरमतरला जाते.

तिवरं तोडायला मुंबई हायकोर्टाने २००५मध्येच मनाई केली आणि २०१८च्या निकालात ती आणखी पक्की केली. तरी कुठे भराव पडतोय, कुठे रात्री टँकर रिकामा होतोय, हे सगळ्यात आधी कुणाला दिसतं? जो दर रविवारी पहाटे तिथे तासन्‌तास गप्प उभा असतो त्याला. खाडीवरच्या कोळ्यांनी हे वर्षानुवर्षं सांगितलं. आता त्यांच्या बाजूला मोबाइल हातात असलेली, तक्रारीचा ईमेल व्यवस्थित लिहिता येणारी, पाठपुरावा करायची ऑफिसातच सवय लागलेली आपली पिढी उभी राहतेय. फोटो, वेळ, जागा, आणि मेल महापालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला. दहा मिनिटांचं काम.

जिताड्याला समुद्रही लागतो आणि नदीही. अंडी खाऱ्या पाण्यात, वाढ खाडीत आणि नदीत. यातलं एक तुटलं की तो संपला. सात हजारांचा सेट घेतलात तर या दोन्हींवर तुमचाही थोडा हक्क आला, आणि थोडी जबाबदारीही.

तर मग, येत्या शनिवारी दुकानात कापूस घेऊन जा. रविवारची तिथी बघून ठेवा.